पहिल्या धारेचं आजोळ

माझ्या आजोळी दारू विकली जायची, प्यायली जायची नाही. परसवाड्याच्या बाजारापासून चार पावलांवर आजोबांची कलारी होती. दारूच्या दुकानाला आमच्याकडे कलारीच म्हणतात, मग ते कुणाचंही असो. दुकानातून आल्यावर पाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय आजोबांना माजघरात यायला बंदी होती. नियम आजीचा. ज्या धंद्यावर घराची कौलं चढली त्याचा वास घरात नको, असा तिचा न्याय.

आम्ही जातीनं कलार. दारू गाळणं आणि विकणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. समाजाच्या बैठकीत मात्र दारूचं नाव निघत नाही, निघतं ते सहस्रार्जुनाचं. हैहयांचा तो हजार हातांचा राजा आमचा मूळपुरुष, आणि त्याची जयंती थाटात होते. आजोबांना यात काही विसंगत वाटत नसे. बाजाराच्या दिवशी गल्ल्यावर बसलं की दोन हात पुरत नाहीत, एवढंच ते म्हणायचे.

मी वाढले गोंदियाला. परीक्षा संपली की आई आम्हाला घेऊन छोट्या रेल्वेनं निघायची. गोंदिया-जबलपूरची ती अरुंद पटऱ्यांची गाडी १९०३ ते १९०५ च्या दरम्यान टप्प्याटप्प्यानं सुरू झालेली. बालाघाटला उतरायचं, मग बसनं घाट चढून परसवाड्याच्या पठारावर. एप्रिलमध्ये त्या बसला एक वास असायचा, जुन्या मनुकांसारखा, गोडसर आणि किंचित आंबलेला. टपावर मोहफुलांची पोती असायची. मला आजही कुठे तो वास आला की उलट्या दिशेनं तिकीट काढल्यासारखं होतं.

आता वय एकाहत्तर. खोटं बोलण्याचा कंटाळा येतो, म्हणून सांगते की मी पिते. थोडी, पण आवडीनं. नवऱ्याच्या नोकरीपायी सहा वर्षं गोव्यात काढली, तिथं हुराकाची ओळख झाली. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली गाळणी म्हणजे हुराक, तीच पुन्हा गाळली की फेणी. मार्च ते मे एवढाच त्याचा मोसम. लिमका, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून दुपारी घेतला तर स्वयंपाकाचं भान राहत नाही. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गोव्यातल्या शेजारणीनं मुद्दाम फोन करून सांगितलं, जणू तिच्या मुलाला नोकरी लागली होती. लेकीनं नाशिकला घर केल्यापासून शेनिन ब्लां ही वाइनही आवडू लागली आहे, पण ती चांगली थंड लागते आणि सोबत गप्पा मारणारं माणूस लागतं. बिअरशी माझं कधी जमलं नाही. व्हिस्की मी लग्नसमारंभात पुरुषांच्या हातातच पाहिली आणि तिथंच राहू दिली. या सगळ्यांच्या वर मोह. आणि त्याबद्दल बोलायचं तर आजोबांच्या दुकानाच्याही मागं जावं लागतं.

परसवाड्याचा लिखित इतिहास फार लांबचा नाही. इंग्रजी गॅझेटियरांमध्ये लछमन नाईक नावाच्या माणसानं १८१० च्या सुमारास या पठारावर पहिली गावं वसवल्याची नोंद आहे. पुढं खालच्या वैनगंगेच्या खोऱ्यातून पोवार शेतकरी वर आले, त्यांनी तळी बांधली, धान लावलं. १८६७ मध्ये शिवणी, मंडला आणि भंडाऱ्याचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा तयार झाला. “पहिली गावं” हे शब्द वाचले की मला हसू येतं. गोंड आणि बैगा तोवर काय झाडांवर राहत होते? गावाची नोंद होते ती सारा भरला की. मोहाच्या झाडाला कुणी सारा लावलेला नव्हता, म्हणून त्याच्याखालची माणसं कागदावर नव्हती.

सारा लावायची युक्ती सरकारला लवकरच सापडली. आधी एकेका भट्टीचा हक्क लिलावात विकायला सुरुवात झाली. जो जास्त बोली लावेल त्यानं ठरलेल्या मुलखात गाळावी आणि विकावी. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी पहाऱ्यातली सरकारी भट्टी आली, तिथं दारूचा कडकपणा मोजून गॅलनवर कर. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीनंतर ठेकेदाराकडून पुरवठा आणि दुकानांना परवाने ही पद्धत पसरली. मध्य प्रांताचा १९१५ चा अबकारी कायदा, नावातला प्रांत बदलून, मध्य प्रदेशात अजून चालतो.

यात कलारांचं नशीब विचित्र निघालं. पूर्वी कलार गाळायचा आणि विकायचा. सरकारनं गाळणं काढून घेतलं, विकणं ठेवलं. आजोबा कलार असून त्यांनी आयुष्यात एकदाही भट्टी लावली नाही. बालाघाटहून पिंपं यायची, त्यावर मोहोर असायची. आणि ज्यांच्या अंगणातल्या फुलांपासून ती दारू व्हायची त्या गोंड बायकांनी घरी हंडी चढवली तर त्या गुन्हेगार. आधी त्यांनी फुलं स्वस्तात विकायची, मग तीच दारू आमच्या दुकानातून विकत घ्यायची. आमचं घर या दोन व्यवहारांच्या मधल्या फटीत उभं होतं, आणि फट चांगली रुंद होती.

बैगा आणि गोंडांकडे मोह ही नुसती नशा कधीच नव्हती. जन्म, लग्न, मरण, पंचायतीचा दंड, सोयरीक, सगळ्यात ती लागते. बडादेवाला वाहिल्याशिवाय आणि पितरांच्या नावानं जमिनीवर थेंब सोडल्याशिवाय कुणी ओठाला लावत नाही. देवाला वाहायची वस्तू परवान्याच्या दुकानातून आणायची, यावर आजोबांनी कधी विचार केला असेल असं वाटत नाही. मी केला, पण फार उशिरा.

साहेबांना मात्र या दारूची चव कळली होती. जेम्स फोर्सिथ हा सैन्यातला आणि जंगलखात्यातला माणूस १८६० च्या दशकात या सातपुड्यात फिरला. १८७१ मध्ये त्याचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक निघालं. नीट गाळलेली आणि मुरू दिलेली मोहाची दारू थोडीफार आयरिश व्हिस्कीसारखी लागते, असा त्याचा अभिप्राय. मी आयरिश व्हिस्की प्यायलेली नाही, तेव्हा उलटी तुलना करता येत नाही.

पहिल्या महायुद्धात तर हे फूल बंदुकीपर्यंत पोचलं. कॉर्डाइट नावाच्या दारूगोळ्याला ॲसिटोन लागतं, आणि ते मोहफुलांपासून करण्याचा कारखाना सरकारनं नाशिकला काढला. लेक द्राक्षांच्या मळ्यातून गाडी नेते तेव्हा मी तिला हे प्रत्येक वेळी सांगते. तिला आता पाठ झालं आहे.

मुंबई इलाख्यात सरकारनं त्याआधीच कराची आणखी पुढची पायरी गाठली होती. उरणला पारश्यांच्या मोहाच्या भट्ट्या जोरात चालत. त्यांच्यावरच्या कराच्या गणितात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली चोरटी गाळणी बसेना. म्हणून १८९२ मध्ये मोहफुलांचाच कायदा झाला. त्या दोन जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. झाड सरकारला तोडता येत नव्हतं, तर खाली पडलेलं फूल पकडलं. फूल दुष्काळात भाकरीच्या जागी खातात, बैलाला घालतात, हे कायद्याला दिसत नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला आमचं घर दोन राज्यांत विभागलं. नागपूरचं राजधानीपण गेलं, विदर्भ मुंबई राज्यात आणि बालाघाट मध्य प्रदेशात. आई महाराष्ट्रात, आजोळ पलीकडे, मधे बाघ नदी. दारूचे नियम मात्र नदीपेक्षा रुंद झाले. महाराष्ट्राकडे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून कोरडे, चंद्रपूर २०१५ ते २०२१ कोरडं. मध्य प्रदेशानं आदिवासींना घरापुरती मोहाची गाळायला ठरावीक मर्यादेत सूट दिली. तेच झाड, तेच फूल, आणि आंबायला घातलेल्या त्याच रांजणाला गडचिरोलीच्या पोलिसांच्या बातमीत “मोहसडवा” म्हणतात, बालाघाटच्या बातमीत “लाहन”. दोन्हीकडचं क्रियापद मात्र एकच: नष्ट केला. महाराष्ट्रानं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. १८९२ पासून मोजलं तर फुलाची सुटका व्हायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

मी पहिल्यांदा प्यायले ती एकतिसाव्या वर्षी, आजोबा गेल्यानंतर. आमच्या शेतावर एक गोंड म्हातारी यायची, आम्ही सगळे तिला मोठी बाई म्हणायचो. पहाटे चारला ती मला झाडाखाली घेऊन गेली. मोह रात्री गळतो. उजाडायच्या आत वेचला नाही तर गुरं, हरणं आणि अस्वलं वाटेकरी होतात. अस्वलाची तिला खरी भीती होती, त्यामुळं ती सारखी मोठ्यानं बोलत होती. झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन काळी केलेली, त्यावर फिकट पिवळी, रसरशीत फुलं मोत्यांसारखी दिसायची. (या जाळण्यापायी जंगलात वणवे लागतात हे खरं आहे, आणि जंगलखात्याचं दुखणं मला कळतं.) वाळली की तीच फुलं तांबूस, सुरकुतलेली होतात आणि बसच्या टपावरचा तो वास धरतात.

वाळलेली फुलं मडक्यात पाण्यात घालायची. उन्हाळ्यात पाच-सहा दिवस, थंडीत त्याहून जास्त. आधी बुडबुडे येतात, मग ते थांबतात. मोठी बाई मडक्याला कान लावून ऐकायची. आवाज बंद झाला की तयार. मग ती हंडी चुलीवर, तिच्यावर दुसरं मडकं, सांधे मातीनं लिंपलेले, वरून बांबूची नळी थंड पाण्यात बसवलेल्या भांड्यात उतरलेली. आच मंद हवी. जाळ मोठा झाला की खालचा गाळ करपतो आणि दारूला जळका वास येतो, तो शेवटपर्यंत जात नाही. चांगलं लाकूड आणि बसून राहायची तयारी एवढीच तिची सामग्री. बाकीच्या ठिकाणी लोक घाईपायी नवसागर टाकतात, गूळ टाकतात. त्यांचं नाव काढलं तरी ती थुंकली असती.

“पहिल्या धारेची” हा शब्द मराठीत आपण कडक माणसाला, कडक शिवीला, कशालाही लावतो. मी तो शब्द आयुष्यभर वापरला होता, पाहिला त्या दिवशी. नळीच्या टोकाशी आधी वाफेचा घाम, मग एक थेंब, मग दोऱ्यासारखी धार. मोठ्या बाईनं पळीभर घेऊन चुलीत फेकली, निळा जाळ उठला. मग द्रोणात थोडी ओतून माझ्या हातात दिली. मी तोंडाला लावणार तोच तिनं मनगट धरलं.

“आधी मातीले दे. मंग तू.”

मी थेंब सोडले. चव सांगायची तर आधी धूर, मग ते मनुकांचं गोडपण, मग घशात एक ऊब, जी भांडत नाही. फुलाचा वास सगळ्यात शेवटी येतो, गिळून झाल्यावर, श्वास सोडताना. हुराक समोरून येतो, मोह मागून. म्हणून तो पहिला.

आजोबांच्या दुकानात जे विकलं जाई ते हे नव्हतंच, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. त्यांच्या काळात निदान पिंपात फूल होतं. पुढं देशी दारूत साखर कारखान्यांची मळी आणि धान्याचं मद्यार्क आलं. आज बालाघाटच्या कलारीत “प्लेन” किंवा “मसाला” मागतात, गोंदियात “संत्रा”. परसवाड्याच्या पठारावर जिकडे पाहावं तिकडे मोह आणि बाटलीत ऊस, हा विनोद मला अजून पचत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मंडल्याच्या कार्यक्रमात तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मोहाची दारू हेरिटेज दारू म्हणून विकण्याची घोषणा केली. मग नियम झाले, दिंडोरी आणि अलीराजपूरला बचतगटांच्या बायकांचे कारखाने निघाले. दिंडोरीची “मोंड”, अलीराजपूरची “मोहुलो”. ज्या बायकांना आमच्या पिढ्यांनी आणि सरकारनं मिळून चोर ठरवलं, त्यांच्याच नावानं परवाना. भाचा भोपाळहून मोंडची बाटली घेऊन आला तेव्हा मी ती उघडली नाही. परसवाड्याला घेऊन गेले.

मोठी बाई आता नाही. तिची नात आहे, तिचीही चूल आहे. दोघींनी ओसरीवर बाटली उघडली. पारदर्शक, स्वच्छ, फुलाचा वास लगेच नाकात. नातीनं आधी जमिनीवर थेंब सोडले, मग घोट घेतला, जिभेवर फिरवला, डोळे मिटले.

“चांगली हाये,” ती म्हणाली. मग बाटली उजेडात धरून आतून पाहिल्यासारखं पाहिलं. “पर धूर कोठी गेला?”

ती उठली आणि आतून मडकं घेऊन आली.