उपायकेंद्री अल्पकालीन मानसोपचार

समस्येच्या मुळाशी जाण्याऐवजी अशिलाला हवा असलेला बदल केंद्रस्थानी ठेवणारी मानसोपचारपद्धती. स्टीव्ह डी शेझर (१९४०–२००५) आणि कोरियात जन्मलेल्या त्यांच्या पत्नी इन्सू किम बर्ग (१९३४–२००७) यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९७८ मध्ये स्थापन केलेल्या कौटुंबिक उपचार केंद्रात ती आकाराला आली. तिच्यावर मिल्टन एरिक्सन यांच्या संमोहनोपचाराचा प्रभाव आहे.

‘चमत्काराचा प्रश्न’ ही या पद्धतीची खास ओळख. रात्री तुम्ही झोपेत असताना तुमची अडचण नाहीशी झाली. सकाळी उठल्यावर हे तुम्हाला कशावरून कळेल, असे उपचारक विचारतो. ‘बरं वाटेल’ एवढ्या उत्तरावर तो थांबत नाही. चहा कोण करेल, मुलाशी पहिलं वाक्य काय बोलाल, बायकोला फरक कशात दिसेल, असे तो खोदून विचारत राहतो. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर अशिलाने स्वतःला तीन गुण दिले, तर ‘शून्य का नाही?’ हा पुढचा प्रश्न. त्यातून आधीच जमलेल्या गोष्टी बाहेर येतात. अडचण एरवीपेक्षा कमी जाणवली असे दिवसही आवर्जून शोधले जातात.

बैठका सहसा मोजक्याच असतात. दुःख सांगू पाहणाऱ्याला ही पद्धत घाईने पुढे ढकलते, हा आक्षेप घेतला जातो. यांत्रिकपणे प्रश्न विचारणाऱ्या उपचारकाबाबत तो रास्तच आहे. शालेय समुपदेशन व समाजकार्यातही ही पद्धत वापरतात.