मालाड: घरच्यांना घेऊन कुठे जावे, काय सांभाळावे

मालाड स्टेशन पश्चिम रेल्वेवर गोरेगाव आणि कांदिवलीच्या मध्ये आहे. पश्चिमेला मालवणी, मार्वे, आक्सा आणि मढ. पूर्वेला पठाणवाडी, कुरार. मालवणीत कुणाकडे जायचे असेल तर गेट नंबर आधी विचारून ठेवा. तिथे पत्ता गेट नंबरवरूनच कळतो.

मेट्रो: पश्चिमेला 2अ मार्गावर वळनई, मालाड पश्चिम आणि लोअर मालाड, पूर्वेला 7 क्रमांकाच्या मार्गावर कुरार आणि दिंडोशी. जानेवारी 2023 पासून दोन्ही मार्ग अंधेरीपर्यंत पूर्ण सुरू आहेत.

होडी: मार्वेहून मनोरी आणि मढहून वर्सोवा. रस्त्याचा मोठा वळसा वाचतो, मुलांनाही मजा येते. पावसाळ्यात मात्र फेरी चालू आहे का, हे विचारूनच निघा.

खाणे: गोड हवे तर स्टेशनबाहेर पश्चिमेला एम. एम. मिठाईवाला. रमजानमध्ये मालवणीचा संध्याकाळचा बाजार बघण्यासारखा असतो.

समुद्र: ईदच्या दुसऱ्या दिवशी आक्साला गर्दी होते. जा जरूर, पण पाण्यात उतरू नका. वाळू एकदम खोल जाते आणि ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते. जुलै 2023 मध्ये मार्वेच्या खाडीत पाच मुले ओढली गेली. दोघे वाचले, तिघे गेले. मुलांना दोस्तांबरोबर एकटे पाठवू नका. जीवरक्षकाची शिट्टी ऐकली की लगेच मागे फिरा. असर किनाऱ्यावर झाली तरी मगरिबच्या आधी परतीला लागा.