दंडावरील खूण आणि मनातील समज : शालेय विद्यार्थी व क्षयरोग – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : गोंदिया जिल्हा)

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाची शेती, भातगिरण्या, तेंदूपत्ता संकलन आणि विडी उद्योग यांवर येथील श्रमजीवी कुटुंबांचे जीवन दीर्घकाळ अवलंबून राहिले आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत आदिवासी वस्ती लक्षणीय असून तेथील अनेक मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहून शिकतात. दाटीवाटीचे घर, अपुरा आहार, तंबाखूचे सेवन आणि कामासाठी होणारे स्थलांतर या गोष्टी क्षयरोगाला नेहमीच पोषक ठरत आल्या आहेत. त्यामुळे या जिल्ह्यातील शालेय विद्यार्थ्याला क्षयरोगाविषयी काय ठाऊक आहे, हा प्रश्न केवळ आरोग्य खात्याचा राहत नाही. तो शिक्षणाचा आणि इतिहासाचाही प्रश्न ठरतो.

क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमांत शालेय विद्यार्थ्याला सातत्याने स्थान मिळाले. परंतु हे स्थान प्रथम लस टोचून घेणाऱ्याचे आणि नंतर घोषणा देणाऱ्याचे होते; समजून घेणाऱ्याचे स्थान त्याला क्वचितच लाभले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भीतीचा वारसा

चरकसंहितेत या रोगाचे वर्णन ‘राजयक्ष्मा’ या नावाने आले असून त्याची उत्पत्ती चंद्राला मिळालेल्या शापाशी जोडलेली आहे. रोगामागे शाप किंवा पूर्वकर्म पाहण्याची ही दृष्टी लोकमानसात दीर्घकाळ टिकली. त्याच्या जोडीला ‘हा घराण्यातला रोग आहे’ ही समजूतही रूढ झाली. ती निव्वळ अज्ञानातून आली असे म्हणता येणार नाही. एकाच बंद खोलीत झोपणाऱ्यांना एकमेकांपासून संसर्ग होत असे. बापामागून मुलगा आजारी पडे. जंतू डोळ्यांना दिसत नव्हते, नाते मात्र दिसत होते. त्यामुळे निरीक्षण खरे असूनही निष्कर्ष चुकला.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. १८८६ मध्ये पदवी संपादन करून त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या वयाला बावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. पहिली महिला डॉक्टर म्हणून त्यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते; मात्र त्यांचा मृत्यू कशाने झाला, हे सांगण्याची संधी इतिहासाचा तास बहुधा गमावतो. रोगाचे कारण कळले तरी त्यावरील औषध हाती येण्यास आणखी सहा दशके लागली, हे सांगायला याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला. तोपर्यंत विश्रांती, सकस आहार आणि शुद्ध हवा हाच उपचार मानला जाई. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणी येथे स्थापन केलेले आरोग्यधाम याच विचाराचे फलित होते. अशा ठिकाणी महिनोन्‌महिने राहणे सामान्य शेतकऱ्याला वा विडी कामगाराला परवडणारे नव्हते. त्यामुळे क्षय म्हणजे मृत्यू, ही त्या काळातील सामान्य माणसाची भीती अनुभवसिद्धच म्हणावी लागेल. पुढे औषध आले. भीती मात्र वारशाने पुढच्या पिढ्यांकडे जात राहिली.

लसीकरणाच्या रांगेतील विद्यार्थी

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये भारतात बी.सी.जी. लसीकरणाचा प्रारंभ झाला आणि १९५१ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने त्याला व्यापक मोहिमेचे स्वरूप आले. मुले एकत्र सापडण्याचे ठिकाण म्हणून शाळा साहजिकच या मोहिमेच्या केंद्रस्थानी आली. प्रथम ट्यूबरक्युलिन चाचणी करावयाची, तिसऱ्या दिवशी हातावरील सूज मोजावयाची आणि संसर्ग नसलेल्या मुलांना लस टोचावयाची, अशी पद्धत होती. ‘संसर्ग’ आणि ‘रोग’ यांतील भेद या चाचणीच्या मुळाशी होता. जंतू शरीरात शिरलेला प्रत्येकजण रुग्ण होत नाही, हे क्षयरोगाविषयीचे अत्यंत महत्त्वाचे सत्य आहे. ज्या मुलांच्या हातावर हा भेद तपासला जात होता, त्यांना तो समजावून सांगणे हा मात्र मोहिमेचा मुख्य हेतू नव्हता.

या मोहिमेला विरोधही झाला. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५५ मध्ये सामूहिक बी.सी.जी. लसीकरणाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. पुढे चिंगलपेट येथील प्रदीर्घ चाचणीचे निष्कर्ष १९७९ मध्ये पुढे आले तेव्हा प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस संरक्षण देत नसल्याचे दिसून आले. लहान बालकांमधील मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून ती संरक्षण देते, म्हणून तिचे महत्त्व आजही कायम आहे.

१९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाल्यानंतर ही लस शाळेतून पाळण्याकडे गेली. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. पण त्याचा एक शैक्षणिक परिणाम दुर्लक्षित राहिला. पूर्वीच्या पिढीला निदान रांगेत उभे राहिल्याचे स्मरण होते. आताच्या विद्यार्थ्याच्या डाव्या दंडावरील खूण त्याच्या स्मृतीच्याही आधीची आहे. ही खूण कशाची, असे प्रस्तुत लेखकाने पदवीच्या वर्गात विचारले असता ‘देवीची लस’ असे उत्तर आले. देवीचे लसीकरण या विद्यार्थ्यांच्या जन्मापूर्वीच बंद झाले होते.

घोषणांचा कालखंड

मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने क्षयरोगाच्या उपचाराची दिशाच बदलली. घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, तसेच उपचार सुरू असलेला रुग्ण घरी राहिल्याने कुटुंबीयांचा धोका विशेष वाढत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. भारतीय भूमीवरील हे संशोधन जगाने स्वीकारले. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने जिल्हा क्षयरोग केंद्र ही रचना उभी केली. १९९७ पासून विस्तारलेला सुधारित कार्यक्रम २००६ पर्यंत संपूर्ण देशात पोहोचला. याच काळात भिंतीवरील फलक, प्रभातफेऱ्या आणि निबंध स्पर्धा यांतून विद्यार्थी संदेशवाहक झाला. २०२० मध्ये कार्यक्रमाच्या नावात ‘निर्मूलन’ हा शब्द आला. निर्मूलनासाठी २०२५ ही मुदत जाहीर झाली होती. ती आली, परंतु जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतातच असल्याचे वास्तव कायम आहे.

घोषणेतून माहिती मिळते. समज मिळेलच असे नाही. दोन आठवड्यांचा खोकला असल्यास थुंकी तपासावी, हे विद्यार्थी सांगू शकतो. पण महिना-दोन महिन्यांत बरे वाटू लागल्यावरही औषध सहा महिने का घ्यावयाचे, या प्रश्नापाशी तो अडखळतो. उरलेले जंतू औषधाला न जुमानणारे होऊ शकतात, हे कारण फलकावर मावत नाही. इयत्ता आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘आरोग्य व रोग’ या प्रकरणातील तक्त्यात क्षयरोग आहे. तक्ता पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. शिवाय २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन नेमका परीक्षांच्या दिवसांत येतो.

समज नसल्याची किंमत कोण मोजतो? एका तासानंतर मागे थांबलेल्या विद्यार्थिनीचे शब्द येथे नोंदवावेसे वाटतात. ‘आमच्याकडे टी.बी. नव्हता सर, बाबांचं फक्त खोकल्याचं औषध सहा महिने चाललं होतं,’ असे ती म्हणाली. शाळेत असताना तिने प्रभातफेरीत घोषणाही दिल्या होत्या. घोषणा आणि घर यांच्यामधील हे मौन कोणत्याही सर्वेक्षणाच्या ‘होय’ व ‘नाही’ या रकान्यांत सापडणार नाही.

समारोप

यावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, क्षयरोगाचा पाठ मार्चची वाट न पाहता सत्राच्या आरंभी, शक्यतो धानाच्या रोवणीचे दिवस आटोपताच घ्यावा. दुसरी, तो विज्ञानापुरता न ठेवता इतिहासाच्या तासाशी जोडावा; आनंदीबाईंचा मृत्यू आणि मद्रासचा अभ्यास शेजारी ठेवले की असाध्य रोग साध्य कसा झाला, हे मुलांना आपोआप उमगते. तिसरी, झाडीबोली, गोंडी वा पोवारी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील फलकाचा अर्थ त्याच्या बोलीत सांगण्याची मुभा द्यावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, कोणाच्या घरी रुग्ण आहे का, असा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. वर्ग हे चौकशीचे ठिकाण नव्हे.

आपल्या आजोबांना वाटणारी भीती त्यांच्या काळात खरी होती आणि आज ती खरी राहिलेली नाही, एवढे जरी विद्यार्थ्याला कळले, तरी तो घरातील खोकल्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारू शकेल. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.