बसणं आणि जुळणं : ‘थ्री नॉट थ्री’च्या सुट्या भागांचा इतिहास

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात ‘थ्री नॉट थ्री’ रायफली होत्या. त्यानंतर आपण सगळेच म्हणालो, ‘किती जुनी हत्यारं ती!’ खरंच होतं ते. पण रायफल जुनी झाली म्हणजे नेमकं काय झालं? लाकूड पुसता येतं, लोखंडाला तेल देता येतं. मग म्हातारपण नेमकं कुठे येतं? आज आपण हाच प्रश्न घेणार आहोत. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एक भाग बिघडला की तो काढायचा आणि तसाच दुसरा घालायचा, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. अठराव्या शतकात तसं नव्हतं. प्रत्येक बंदुकीचा प्रत्येक तुकडा कारागीर कानशीने घासून त्याच बंदुकीत बसवत असे. १७८५ मध्ये फ्रान्समधल्या ओनोरे ब्लां या बंदूककाराने पन्नास बंदुकांच्या चापांचे भाग सुटे करून ठेवले होते. अमेरिकेचे तिथले राजदूत थॉमस जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही चाप जोडून पाहिले, आणि ते जुळले! पुढे १८०१ मध्ये एलाय व्हिटनीने अमेरिकेत असाच प्रयोग करून दाखवला. मात्र नंतरच्या संशोधकांनी त्याच्या बंदुका उघडल्या, तेव्हा एकीचे भाग दुसरीत नीट बसेनात. हे खऱ्या अर्थाने साधलं ते १८२० च्या दशकात, हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात, जॉन हॉल यांना. १८५० च्या दशकात इंग्लंडने अमेरिकन यंत्रं आणून एनफील्डचा कारखाना उभा केला. आपली ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे ली-एनफील्ड, याच परंपरेतली. लाखोंनी बनली, भारतात ईशापूरलाही बनली.

आता गंमत बघा. इतकी यंत्रं आली, तरी या रायफलीच्या बोल्टच्या दांड्यावर त्याच रायफलीचा क्रमांक ठोकलेला असे. का? भाग अदलाबदलीचे होते ना?

याचं उत्तर ‘हेडस्पेस’मध्ये आहे. या काडतुसाच्या बुडाला एक कड असते. ती नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि तिच्या मागून बोल्टचं डोकं, म्हणजे बोल्टहेड, येतं. नळीचं तोंड आणि बोल्टहेड यांच्यामधलं अंतर म्हणजे हेडस्पेस. ०.०६४ इंचाचं गेज घातल्यावर बोल्ट मिटला पाहिजे आणि ०.०७४ इंचाचं घातल्यावर मिटता कामा नये. फरक किती? जेमतेम पाव मिलिमीटर! अंतर कमी पडलं तर बोल्ट मिटतच नाही. जास्त झालं तर बार उडताना काडतुसाचा पुढचा भाग चेंबरला घट्ट धरून राहतो, बूड मागे ढकललं जातं, पितळ ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर फाटू शकतं. मग तापलेला वायू मागे येतो, आणि मागे शिपायाचा चेहरा असतो.

हे अंतर एकट्या बोल्टचं नसतं, एकट्या नळीचंही नसतं. या रायफलीत बोल्टला आधार देणारे दोन लग मागच्या बाजूला असतात. ते आपापल्या जागी सारखे टेकले पाहिजेत. वर्षानुवर्षं घासून त्या जोडीचं एकमेकांशी जमलेलं असतं. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आणलात तर तो आत सरकेल, मिटेलही. म्हणजे तो बसला. पण जुळला का? ते गेज सांगेल.

दुसऱ्या महायुद्धातल्या ‘नंबर ४’ रायफलीत इंग्रजांनी यावर तोड काढली. बोल्टहेड चार मापांचे केले : ०, १, २ आणि ३. आकडा वाढेल तशी लांबी वाढते. रायफल झिजली की आर्मररने पुढच्या मापाचं डोकं लावायचं. एकच भाग सगळीकडे चालेल हा हट्ट इथे सोडला होता, आणि शहाणपणाने सोडला होता. पण या सोयीलाही शेवट होता. रायफली म्हाताऱ्या होत गेल्या तसं अनेकींना अखेर ३ नंबरच हवा झाला. कारखाने कधीच थांबलेले. त्यामुळे आज जुन्या रायफली सांभाळणाऱ्यांना ३ नंबर सहजी सापडत नाही. आणि मिळाला तरी लगच सारखे टेकत नसतील, तर लांब डोकं लावून दोष फक्त झाकला जातो.

काडतूसही या नात्यातलंच. आपल्या खडकीच्या कारखान्यातही ‘थ्री नॉट थ्री’ची काडतुसं बनत. खडकीतल्या कडेची जाडी आणि हजार मैलांवरच्या ईशापूरच्या नळीचं तोंड, यांनी पाव मिलिमीटरच्या आत एकमेकांना ओळखायचं! १९६० च्या दशकात ईशापूरने ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली. दिसायला ही धाकटी बहीण. पण तिच्या काडतुसाला तशी कड नाही. माप घ्यायचं ते काडतुसाच्या खांद्यावरून. म्हणून चेहरा सारखा दिसला तरी भाग उचलून लावायचा नाही.

‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला विचारतो, रथ कुठे आहे? चाकात? आसात? की दांडीत? रायफलीचा दोष शोधतानाही असंच होतं. प्रत्येक भाग वेगळा काढून पाहिला तर निर्दोष वाटतो. दोष त्यांच्यामधल्या अंतरात असतो. रायफलीचं म्हातारपण तिथेच येतं, आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

त्या रात्रीच्या रायफलींत हाच दोष होता, असं आम्ही म्हणत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी या रायफलीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. हत्यार इतकी वर्षं हातात ठेवायचं, तर गेज लावणारा माणूस आणि योग्य मापाचा भाग हे दोन्हीही तितकीच वर्षं ठेवावे लागतात. ते नसतील, तर ‘चालतंय ना’ एवढ्यावर आपण शिपायाला उभं करतो. बसणं म्हणजे जुळणं नव्हे. हा फरक ज्याच्या गालाला रायफल टेकलेली असते, त्याच्या जिवावरचा आहे.

आज इथे थांबू. आता प्रश्न घेऊया.