पाटीवरचें गांव

सेऊल शहराच्या ओजांग-दोंग भागांत दुपारीं लोक थंड शेवयांवर तिखटांत मुरविलेली कच्ची मासळी घालून जेवतात. हा पदार्थ उत्तरेकडील हामहुंगचा. १९५० च्या डिसेंबरांत जवळच्या हुंगनाम बंदरांतून सुमारें एक लक्ष निर्वासित समुद्रमार्गें दक्षिणेस आले; एकट्या ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ जहाजानें सुमारें १४,००० माणसें आणिलीं. १९५३ सालीं तह झाला नाहीं, केवळ युद्धविराम झाला, आणि परतीची वाट बंद झाली. त्याच सालीं येथें ‘हुंगनाम-जिप’, म्हणजे ‘हुंगनामचें घर’, ही खाणावळ निघाली. हामहुंगकडे शेवया बटाट्याच्या सत्त्वाच्या करीत. दक्षिणेंत त्या रताळ्याच्या झाल्या. गांवीं जातां येईना, म्हणून गांवाचें नांव पाटीवर आलें. शाळेंत आम्हीं तहांच्या सनावळ्या पाठ करविल्या. अशी पाटी वाचावयास मात्र शिकविलें नाहीं.