आकड्यांची चित्रे आणि इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे सनावळी उभी राहते. लढाई कोणत्या साली झाली, कोण जिंकले, तहात काय ठरले, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु माणसे किती गेली व कशामुळे गेली, हे सहसा कोणी विचारीत नाही. आणि आकडा सांगितला तरी तो मनावर ठसत नाही. चार लाख आणि चाळीस हजार हे शब्द वहीत जवळजवळ सारखीच जागा अडवतात!

या अडचणीवर चार्ल्स मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली एक तोड काढली. त्या वेळी त्याचे वय ८८ वर्षांचे होते. नेपोलियनची १८१२ मधील रशियावरील स्वारी त्याने एकाच नकाशावर पट्ट्याच्या रूपाने काढली. दहा हजार सैनिकांना एक मिलिमीटर रुंदी, हे प्रमाण. नीमेन नदी ओलांडताना फौज ४,२२,००० होती, म्हणून तेथे पट्टा चार सेंटीमीटरहून रुंद आहे. मॉस्कोला पोहोचले एक लाख. पट्टा एक सेंटीमीटरवर आला. परतीचा पट्टा काळा. बेरेझिना नदीच्या अलीकडे ५०,००० आणि पलीकडे २८,०००. शेवटी पुन्हा नीमेनपाशी येताना १०,००० उरले, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढे. जातानाचा जाड पट्टा आणि येतानाची रेघ तेथे शेजारी शेजारी येतात. मग निराळे स्पष्टीकरण लागत नाही.

‘रशियाच्या थंडीने नेपोलियनला हरवले’ असे आपण सर्वांनी उत्तरपत्रिकेत लिहिलेले आहे. आता नकाशा पुन्हा पाहावा. फौज जूनमध्ये निघाली व १४ सप्टेंबरला मॉस्कोत शिरली. वाटेत बाजूला पाठविलेल्या तुकड्या वजा केल्या तरी या उन्हाळी वाटचालीत दोन लाखांवर माणसे गळाली. उपासमार, उष्मा, टायफस, हगवण, पळून जाणे, आणि स्मोलेन्स्क व बोरोदिनोच्या लढाया, ही त्याची कारणे. थंडीने उरलेल्यांचा घास घेतला, हे खरेच; पण निम्म्याहून अधिक नाश बर्फ पडण्यापूर्वीच झाला होता.

मात्र येथे मिनारचीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तापमानाची रेषा त्याने फक्त परतीच्या वाटेखाली काढली आहे. त्यामुळे उणे अंशांकडेच नजर जाते आणि उन्हाळ्यातील आजारपणासाठी कोणतीही रेषा नाही. चित्र खोटे नाही, पण काय दाखवायचे हे काढणारा ठरवतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तर हे जाणूनबुजून केले. तुर्कस्थानातील स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात काम करून परतल्यावर १८५८ मध्ये त्यांनी पाकळ्यांसारखा आलेख छापला. जखमांनी मेलेल्यांचा भाग लहान, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा निळा भाग प्रचंड. स्वच्छतेवर सरकारने पैसा खर्च करावा, एवढाच त्यामागील हेतू होता. पुढे हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याचा प्रश्नही त्यांनी आकड्यांनीच मांडला, इकडे एकदाही न येता.

विद्यार्थी मित्रांनो, ही परीक्षा आपल्याविषयीच्या आकड्यांनाही लावा. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के, मुसलमानांची ५९.१ टक्के. वहीत दोन खांब काढा. शून्यापासून काढले तर एक खांब दुसऱ्यापेक्षा थोडा बुटका दिसेल. तेच खांब ५५ पासून सुरू केले, तर एक दुसऱ्याच्या दुपटीहून उंच दिसेल. आकडे तेच, कागद तोच! वर्तमानपत्रात खांब पाहिले की आधी त्यांचा पाया कोणत्या आकड्यावर आहे ते वाचावे.

आणि त्याच जनगणनेतील महाराष्ट्राचे खांब शेजारी काढावेत. राज्याची सरासरी ७६.९, तर राज्यातील मुसलमानांची ७८.१. येथे बुटका खांब उंच झाला. देशाचे चित्र पाहून आपल्या मोहल्ल्याविषयी मत बनविणाऱ्या पालकांनी हे दोन्ही कागद एकत्र पाहावेत, आणि शक्य तर तिसरा कागद मुलींच्या शाळागळतीचा, आपल्याच शाळेच्या हजेरीपटावरून, मुलींकडूनच काढून घ्यावा.