खालची लाथ

लाथ जेवढी उंच तेवढी जबर, असे माझ्या वर्गातल्या पोरांना वाटते. मग मी त्यांना टोकियोची हकीकत सांगतो. २६ जून १९७६ रोजी मुष्टियोद्धा महंमद अली आणि जपानी मल्ल अंतोनियो इनोकी यांची झुंज झाली. इनोकी बहुतेक वेळ जमिनीवर पडून, ठोशाच्या टप्प्याबाहेर राहून, अलीच्या पायांवर लाथा झाडीत होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. १५ फेऱ्यांनंतर झुंज बरोबरीत सुटली. पण अलीचे पाय सुजले, रक्ताच्या गुठळ्या झाल्या, इस्पितळ गाठावे लागले. उंच लाथ मारताना मारणाराच एका पायावर डळमळतो. खालची लाथ प्रतिस्पर्ध्याचे उभे राहणेच हिरावून घेते. टाळ्या मात्र तिच्या वाट्याला येत नाहीत!